शेषरावचा कप्तान

संत्र्यांचा ढीग रचलेला असताना सगळ्यांत खालच्या ओळीतलं संत्रं ओढू नये, हे भूगोलाच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात दिलेलं नाही. त्यामुळे कमलाकांत मास्तरांना ते ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. १९५७ सालच्या दिवाळीनंतरचा आठवडा होता. अमरावतीला राजापेठेत शेषरावच्या फळा-भाजीच्या दुकानापुढे संध्याकाळची पंधरावीस माणसं उभी होती, आणि भरती-ओहोटी नेमकी कशामुळे होते हे या मंडळींना आज एकदा शास्त्रशुद्ध सांगून टाकायचंच, असं ठरवून मास्तर पुढे सरसावले होते.

"ही पृथ्वी," असं म्हणून त्यांनी एक कोहळं पुढे ओढलं. "आणि हा चंद्र," असं म्हणून त्यांनी ढिगाच्या तळातलं एक चांगलं गोल, बिनडागी संत्रं निवडून उपसलं.

चंद्र हातात आला आणि उरलेलं सगळं आकाश रस्त्यावर आलं. संत्री टांग्याखाली गेली, सायकलींच्या चाकांत गेली, समोरच्या शिंप्याच्या पायरीवर चढून परत उतरली. दहाबारा तर गटाराच्या कडेपर्यंत जाऊन, मास्तरांचा मान राखावा तशी, थबकली.

"राहू द्या मास्तर," शेषराव शांतपणे म्हणाला, "पयले तो चंद्र ठुवा खाली."

मास्तर गुडघ्यावर बसून संत्री वेचू लागले. मंडळीही वेचू लागली. आणि वेचता वेचता शेषरावने सुरुवात केली, "आमच्या कप्तानाचं धक्क्यावर असंच झालं होतं. जहाज धक्क्याले लावाचं म्हनलं का त्याच्या हाताले घाम सुटे. पयल्या खेपेले जहाज लांबच राह्यलं. दुसऱ्या खेपेले असं आदळलं का धक्क्यावर कोनाच्या तरी पेट्या रचलेल्या होत्या, त्या साऱ्या पान्यात. आता मास्तरायनं संत्री पाडली तशा. तिसऱ्या खेपेले लागलं बाप्पा. आमी दोर घेऊन धावलो, तं हा वरून वरडते, दोर ठुवा, रंगाचे डबे काढा. म्हने खरचटलं तेवढं रंगवून घ्या, कंपनीच्या सायबाले दिसता कामा नाई. आमी रंगवून राहिलो, आन् रंग देता देता जहाज पुन्हा गेलं ना लांब."

मंडळी हसली. हसताना दोघांच्या हातांतली संत्री पुन्हा पडली. मास्तर मात्र टांग्याच्या चाकाजवळ ओणवे होते आणि त्यांच्या मनात एकच विचार होता : ढीग मी पाडला, माती माझ्या धोतराला लागली, आणि गोष्ट मात्र याची झाली.

या शेषरावचं मूळ गाव चांदूर बाजारजवळचं. घर माळ्याचं, वडील-चुलते सगळे संत्र्याच्या बागेत. १९४७ साली संत्र्यांची वाघीण, म्हणजे रेल्वेचा मालडबा, घेऊन तो मुंबईला गेला. तिथल्या व्यापाऱ्याने दहा पेट्या एका जहाजाच्या कोठारात पोचवायला सांगितल्या. पेट्या चढवल्यावर जहाजाच्या भंडाऱ्याने, म्हणजे स्वयंपाक्याने, विचारलं, की यातली कोणती आधी खायची आणि कोणती पंधरा दिवस टिकतील ते वेगळी करून देतोस का. शेषराव निवडत बसला. निवडून झाली तेव्हा त्याला कळलं, की आपल्याला पायांखाली काहीतरी हलणारं आवडतंय. परत फलाटावर गेलाच नाही. भंडाऱ्याच्या हाताखालून डेकवर आला आणि पाच वर्षांत सुकाणी झाला. सुकाणी म्हणजे जहाजाचं चाक धरणारा. जहाजावरची रत्नागिरीकडची मंडळी आधी त्याला हसली, कारण याने जन्मात पाहिलेलं सगळ्यांत मोठं पाणी म्हणजे पुरातली पूर्णा. नंतर हसेनात. देश नवा, कंपनी नवी आणि जहाज तेवढं जुनं, लढाईतून उरलेलं. अशा जहाजावर न हसता चाक धरणारा माणूस लागतोच.

१९५५ साली तो परत आला, राजापेठेत दुकान टाकलं, आणि तेव्हापासून कमलाकांत मास्तरांच्या पोटात दुखायला लागलं.

त्याचं असं होतं, की शेषराव येईपर्यंत अमरावतीतला समुद्र मास्तरांच्या ताब्यात होता. राजापेठेतल्या वाचनालयात दरवर्षी दिवाळीनंतर व्याख्यानमाला होई आणि तिच्यात १९४६ पासून एक दिवस मास्तरांचा असे. 'सागरी प्रवाह', 'भरती-ओहोटी', 'लाटांचे प्रकार'. मास्तर घडीचा नकाशा टांगत, वेताच्या छडीने अरबी समुद्र ओलांडत, आणि चोवीस माणसं ऐकत. दर वर्षी चोवीसच. त्यातले सहा वाचनालयाचे पदाधिकारी होते हे खरं, पण मास्तर ते मोजताना वेगळे काढत नसत. समुद्र त्यांनी स्वतः पाहिलेला नव्हता. एकदा शाळेची सहल मुंबईला जायची ठरली होती. ऐनवेळी गोवराची साथ आली आणि सहल चिखलदऱ्याला गेली. पण न पाहता एखाद्या गोष्टीवर अकरा वर्षं बोलता येणं ही काही साधी तपश्चर्या नाही, असं त्यांचं स्वतःचं मत होतं.

आणि आता हा. याच्याकडे नकाशा नाही, छडी नाही; नुसता एक कप्तान आहे. पण काय कप्तान होता तो! पुलावर, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथे, त्याने कोंबड्यांचं खुराडं ठेवलं होतं, आणि समोरचं पाणी पाहायला नेमलेला खलाशी निम्मा वेळ अंडी पाहत असे. खलाशांना दिवसाला डबाभर गोडं पाणी आणि कप्तानाला आंघोळीला रोज टाकीभर. बटाट्याची पोती बंदरावर परस्पर उतरायची आणि जेवणात आठ दिवस नुसता भोपळा. शेषराव हे सगळं वांगी तोलता तोलता सांगे, तेही असं, जणू कप्तान शेजारच्या गल्लीत राहतो. मास्तरांना पहिल्यांदा जाणवलं, की आपल्या उभ्या आयुष्यात सांगण्यासारखा एकही वाईट माणूस आला नाही. हेडमास्तर होते, पण तेही चांगले निघाले.

मास्तरांनी मागे एकदा दुकान टाळायचं ठरवलं. दोन दिवस लांबचा रस्ता धरला. तिसऱ्या दिवशी पत्नी चारुशीलाबाईंनी पिशवीतली मेथी उलटी करून दाखवली.

"ही काय आणलीत? देठच आहेत सगळे. शेषराव निवडून देतो."

"मेथी काय फक्त शेषरावच विकतो का गावात?"

"विकतात सगळेच. पण त्याच्याकडे गेलं की त्या कप्तानाचं पुढं काय झालं तेही कळतं."

आणि सहामाहीचे पेपर आले तेव्हा तर कळस झाला. 'भरती-ओहोटी का होते?' या प्रश्नाला नववीतल्या एकाने लिहिलं होतं : 'सर म्हणतात, चंद्रामुळे. शेषरावकाका म्हणतात, चंद्रामुळे होतेच, पण बंदराबंदराची वेळ वेगळी असते, ती तिथल्या कोळ्याला विचारावी.' उत्तर बरोबर होतं. मास्तरांनी पाचपैकी पाच दिले आणि नंतर अक्षर वाईट म्हणून एक काढून घेतला.

संत्र्यांचा ढीग पडला त्याच्या दुसऱ्याच दिवशी व्याख्यानमालेचे चिटणीस हरिहर वकील मास्तरांच्या घरी आले. वकील मोठे गोड माणूस. फाशीची शिक्षासुद्धा त्यांनी सांगितली तर माणूस आभार मानून जाईल.

"मास्तर, यंदा जरा प्रत्यक्ष समुद्र आणावा म्हणतो."

"मग मी अकरा वर्षं काय आणत होतो?"

"तुम्ही नकाशा आणत होता. शेषरावला विचारलंय मी. नको नकोच म्हणत होता, पण शब्द घेतला. तुम्ही अध्यक्ष व्हा."

"म्हणजे माझा दिवस त्याला?"

"एक वर्ष पाहू. जमलं तर दरसाल तोच. नाही जमलं तर तुम्ही आहातच."

अध्यक्ष म्हणजे शेवटी बोलणारा, आणि तो बोलायला उभा राहिला की लोक चपला शोधायला लागतात, हे मास्तरांना पक्कं माहीत होतं. वकील गेल्यावर त्यांनी नकाशा काढला, घडीवर घडी पडून अरबी समुद्राला मधोमध चीर गेली होती ती खळीने चिकटवली, आणि परत ठेवून दिला. वर्षातला तो एक दिवस गेला, तर उरलेले दिवस कशासाठी वाट पाहायची, हे त्यांना कळेना.

त्याच संध्याकाळी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. शेषराव सगळं सांगत असे, पण दर्या का सोडला, ते कधीच सांगत नसे. कोणी विचारलंच तर "मंग आलो घरी" एवढंच. एवढी पाच वर्षं खपून सुकाणी झालेला माणूस "मंग आलो घरी" म्हणून येतो? मास्तरांना वास आला. जहाजावर दुसरा वऱ्हाडी एकच होता, अकोल्याचा वसंत, कप्तानाच्या हाताखालचा लेखनिक. हे शेषरावनेच सांगितलेलं. रविवारी 'पाठ्यपुस्तकांचं काम आहे' असं चारुशीलाबाईंना सांगून मास्तर बडनेऱ्याला गेले आणि तिथून अकोल्याच्या गाडीत बसले. मूर्तिजापूर येईपर्यंत आपण करतोय ते बरं नाही असं त्यांना वाटत होतं. नंतर चहा घेतला आणि वाटेनासं झालं.

मोर्णा नदी ओलांडून जुन्या शहरात वसंतरावांचं घर सापडायला वेळ लागला नाही. आता ते कचेरीसमोर बसून लोकांचे अर्ज लिहीत. बारीक, चष्मेवाला माणूस. शेषरावचं नाव काढताच त्यांनी पाट सरकवला.

"बसा हो. बरा आहे का तो? त्याच्या घरी पार्बताबाई बऱ्या आहेत?"

"बरे आहेत. व्याख्यान आहे त्यांचं. मी अध्यक्ष आहे. म्हटलं थोडी माहिती असावी." मास्तर खोटं बोलत नव्हते, फक्त खरं थोडं पुढेमागे करत होते. "त्यांनी दर्या का सोडला?"

वसंतरावांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "सोडला नाही. सोडवला. त्याच्या नलीत कप्तानाने लिहिलं, 'वागणूक खराब'. नली म्हणजे खलाशाचं पुस्तक. प्रत्येक फेरीनंतर कप्तान त्यात शेरा मारतो. एकदा तसा शेरा पडला की दुसरं जहाज मिळत नाही. जहाज वाळूत रुतलं तेव्हा चाकावर तो होता."

मास्तरांच्या छातीत काहीतरी चांगलं झालं. त्याला चांगलं म्हणू नये हे त्यांनाही कळत होतं.

"म्हणजे चूक त्यांची?"

"थांबा, चहा घ्या. मग सांगतो."

वसंतरावांनी सांगितलं ते असं. १९५४ चा कार्तिक. जहाज बसऱ्याकडे निघालेलं. आधीच्या बंदरात कप्तानाने स्वतःच्या धंद्यासाठी बारा शिलाई मशिनं घेतली, म्हणजे नुसती वरची लोखंडी डोकी. कंपनीला कळू नये म्हणून ती कुठे ठेवावीत? तर चाकघरात, होकायंत्राच्या अगदी खालच्या कपाटात. बारा मशिनांचं लोखंड काटा ओढायला लागलं. काटा सांगतोय वायव्य आणि जहाज चाललंय पश्चिमेकडे घसरत. कुणाच्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते चाकावरच्या शेषरावच्या.

"कसं?" मास्तरांनी विचारलं.

"सूर्य बुडताना पाहून. तो म्हणाला, सायेब, आमच्या बागेत कार्तिकात सूर्य तिसऱ्या ओळीतल्या झाडाआड जाते, चैतात पार दुसऱ्या टोकाले. कार्तिकातला सूर्य कुठं बुडते मले ठाव हाये. तो डाव्या खांद्यावर बुडाले पायजे. हा तं नाकासमोर सरकून राहिला. म्हंजे सूर्य चुकला नाई, काटा चुकला."

मास्तरांनी बशी खाली ठेवली. दक्षिणायन. सूर्याचं दक्षिणेकडे सरकणं ते वीस वर्षं शिकवत होते. फळ्यावर तिरपी रेघ काढून, अंशांसकट. सूर्य खरोखर कोणत्या झाडामागे जातो हे त्यांनी एकदाही खिडकीतून डोकावून पाहिलं नव्हतं. आणि या माणसाने बागेत लागलेल्या सवयीवर भर समुद्रात होकायंत्राची चूक पकडली होती. आत्तापर्यंत मास्तर शेषरावच्या समुद्रावर जळत होते. आता ते त्याच्या बागेवरही जळू लागले.

"कप्तान काय म्हणाला?"

"म्हणाला, तू बागेत उभा आहेस का माझ्या जहाजावर? तुझं काम चाक फिरवायचं. सांगतो त्या आकड्यावर धर. मग धरलं त्याने. सकाळी चहाच्या वेळेला जहाज वाळूत बसलं."

पुढचं सांगताना वसंतरावांनाच हसू यायला लागलं. जहाज बसताच कप्तानाने ठरवलं की ते आता बुडणार. होडी सोडायला लावली. होडीत पहिल्यांदा कोण गेलं? सहा मशिनं आणि कोंबड्यांचं खुराडं. मग कप्तान. जवळच वाळूचा एक कोरडा उंचवटा होता. तिथे तो सामानासकट उतरला आणि दोन खलाशांना म्हणाला, जा, उरलेली सहा आणा. खलाशी होडी घेऊन जहाजाशी आले, वर चढले, आणि तेवढ्यात भरती. जहाज आपलं आपण उचललं गेलं आणि तरंगायला लागलं. दुय्यम अधिकारी तापाने पडलेला. सारी माणसं जहाजावर, आणि कप्तान वाळूवर सहा मशिनं आणि अकरा कोंबड्यांबरोबर.

"मशिनं काढली कपाटातनं, काटा सरळ झाला. खलाशी म्हणाले, चला आता. राहू द्या त्याला तिथंच, कपडे शिवत बसेल. कोणी हलेना. कप्तान तिकडून टोपी हलवतोय. घोट्याला पाणी, मग गुडघ्याला. शेवटी शेषराव उठला. म्हणाला, कोंबड्यायनं काय केलं बापा? आणि होडी घेऊन गेला एकटा. आणलं त्याला. कप्तान मशिनांशिवाय यायला तयार नव्हता. दोन आणली, चार गेली पाण्यात. अन् या सगळ्याचा साक्षीदार नको म्हणून त्याच्या नलीत तो शेरा."

"चौकशी झाली असेल ना?"

"झाली. कंपनीला बोभाटा नको होता. शेषरावला एकच विचारलं, चाकावर कोण होतं? तो म्हणाला, मी. संपलं. विचारलं तेवढंच सांगतो तो." वसंतरावांनी बशी उचलून बाजूला ठेवली. "जहाजाच्या वहीत 'सुकाण्याच्या निष्काळजीपणामुळे' असं लिहिलंय, ते अक्षर माझं आहे. कप्तानाने सांगितलं, मी लिहिलं. त्यानंतर मीही नाही टिकलो तिथं. तुम्ही व्याख्यानात हे सगळं सांगाल ना?"

"बघतो," मास्तर म्हणाले.

परतीच्या गाडीत मास्तरांनी बघितलं. बघता बघता गोष्टीचे दोन तुकडे झाले. वाळू, चाक आणि नलीतला शेरा हा एक. सूर्य, मशिनं आणि होडी हा दुसरा. पहिला तुकडा एवढासाच होता, खिशात मावणारा. बडनेरा येईपर्यंत तो खिशात गेलाही होता.

व्याख्यानाला चोवीस माणसं नव्हती. खुर्च्या भरल्या, सतरंज्या भरल्या, खिडक्यांच्या गजांना माणसं लटकली. बायकांच्या बाजूला शेषरावची बायको पार्बताबाई नवं लुगडं नेसून बसली होती आणि तिच्या शेजारी, मास्तरांच्या दुर्दैवाने, चारुशीलाबाई. शेषराव धुतलेला सदरा घालून उभा राहिला. आधी त्याला हात कुठे ठेवावेत कळेना. हरिहर वकिलांनी युक्तीने त्याच्या हातात दोन लिंबं दिली, तसा तो सुरू झाला. धक्का झाला, रंगाचे डबे झाले, कोंबड्या आणि भोपळा झाला. पोटं धरून हसत होती माणसं. मास्तर अध्यक्षाच्या खुर्चीत बसून प्रत्येक हशा मोजत होते, आणि एकतिसाव्या हशानंतर त्यांनी मोजणं सोडलं.

"मंग आलो घरी," शेषराव म्हणाला आणि लिंबं टेबलावर ठेवली.

टाळ्या थांबेपर्यंत मास्तर थांबले. मग उठले. "व्याख्यान उत्तम झालं. फक्त एक शंका. शेषराव, तुमचं जहाज एकदा वाळूत रुतलं होतं ना?"

शेषरावने त्यांच्याकडे पाहिलं. "होय."

"तेव्हा चाकावर कोण होतं?"

"मी."

"आणि तुमच्या नलीत, म्हणजे पुस्तकात, कप्तानाचा शेवटचा शेरा काय आहे?"

"वागनूक खराब."

मागून कोणी तरी हलकेच म्हणालं, "म्हंजे यानंच घातलं का काय वाळूत? आन् नाव कप्तानाचं घेऊन राहिला." कोणी तरी हसलं, मघासारखं नव्हे. पुढच्या रांगेतला एक म्हातारा काठी टेकून उठला. शेषराव तसाच उभा. मास्तरांना वाटलं होतं तो आता गडबडेल, खुलासा करेल, चिडेल. त्याने काहीच केलं नाही. पार्बताबाईने मात्र पदर पुढे ओढला आणि मान खाली घातली. तिच्या शेजारी चारुशीलाबाई मास्तरांकडे अशा नजरेने पाहत होत्या, की त्यांना पुढचा आठवडाभर स्वतःच्या हाताने चहा करावा लागणार हे स्पष्ट झालं.

दिवस परत मिळाला होता. पुढच्या वर्षीचा, त्याच्या पुढच्याही. फक्त गप्प बसायचं होतं.

आणि तेच मास्तरांना जमेना. थोडी लाज होती, हे खरं. पार्बताबाईची मान त्यांना पाहवेना. पण खरी अडचण दुसरीच होती : ज्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला येतं तो प्रश्न वर्गात तसाच लोंबकळत ठेवून खाली बसणं, हे वीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाच्या शरीराला शक्य नसतं.

"बसा," ते म्हाताऱ्याला म्हणाले. "उत्तर अर्धं झालंय. उरलेलं मी सांगतो. मला ठाऊक आहे."

त्यांनी फळा पुढे ओढला. खडूने जहाज काढलं, कपाट काढलं, कपाटात बारा मशिनं काढली. कार्तिकातला सूर्य काढला आणि तिसऱ्या ओळीतलं संत्र्याचं झाडही. होकायंत्राचा काटा कसा फिरला, सुकाण्याने तो सूर्यावरून कसा ओळखला, कप्तान काय म्हणाला, भरती कशी आली, वाळूवर टोपी कशी हलत होती, हे सगळं मास्तरांनी सांगितलं. पहिल्यांदाच त्यांचा समुद्र हलत होता. लोक चपला विसरले. जाणारा म्हातारा उभ्यानेच ऐकत राहिला. होडी घेऊन एकटा शेषराव गेला, इथे मास्तरांनी होडीत एकच माणूस काढला. पार्बताबाईने पदर मागे सारला होता. चारुशीलाबाईंनी तिला काहीतरी विचारलं आणि तिने नकारार्थी मान हलवली. तिलाही यातलं काही ठाऊक नव्हतं.

टाळ्या पडल्या त्या अकरा वर्षांच्या मिळून पडल्या नव्हत्या एवढ्या. मास्तर क्षणभर फुलले. मग त्यांनी नीट पाहिलं. सगळे हात त्यांच्याकडे तोंड करून वाजत होते आणि डोळे शेषरावकडे होते.

हरिहर वकील उठले. "असा माणूस गावात असताना दुसरीकडे पाहायलाच नको. शेषरावांची तयारी असेल तर पुढच्या वर्षीही त्यांनाच ऐकू. काय शेषराव?"

"इचार करून सांगतो," शेषराव म्हणाला.

त्या 'सांगतो'वर विसंबून मास्तर रात्रभर झोपले. माणूस संकोची आहे, आधी नको नकोच म्हणत होता. तो नाही म्हणेल. मनात मान्य केलं नाही तरी त्यांना तेच हवं होतं. सकाळी शाळेत जाण्याआधी ते दुकानाशी उभे राहिले. शेषराव भेंडी तोलत होता. गिऱ्हाईक गेल्यावर मास्तर म्हणाले, "काल मी चुकलो. सगळं ठाऊक असून अर्धंच विचारलं. त्याआधी अकोल्याला जाऊन आलो होतो, तुमच्या पाठीमागे."

"मालूम हाये. वसंताचं कारड आलं होतं."

"कधी?"

"तुमी जाऊन आले त्याच्या दुसऱ्याच दिशी."

"म्हणजे मी काय करणार ते तुम्हाला माहीत होतं. तरी आलात?"

"वकीलसायबाले सबद देल्ला होता."

"खरं सांगायचं तर तुमचा हेवा वाटत होता मला. अजून वाटतो." मास्तरांनी टोपी काढली आणि परत घातली. "माझा राग नाही आला?"

शेषरावने तराजू मोकळा केला.

"आला ना मास्तर, म्हनून तं पुढच्या सालीबी मीच बोलनार आहो."